व्हिडिओ पाहणारा वेबसाइटवर का येईल?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण एका प्रश्नाच्या पोटात दुसरा दडलेला आहे. तुम्ही लिहिलेत ते थोडक्यात असे: देवगड तालुक्यात तुमची हापूसची बाग आहे. ग्राहकांना थेट पेट्या विकता याव्यात म्हणून तीन वर्षांपूर्वी वेबसाइट करून घेतली. यूट्यूबवर साठेक व्हिडिओ टाकले, त्यांतले बहुतेक शॉर्ट्स आहेत. मोहोरावरच्या फवारणीचा एक शॉर्ट लाखाहून अधिक वेळा पाहिला गेला, आणि तरीही गेल्या हंगामात वेबसाइटवरून आलेल्या ऑर्डर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. आता चांगला कॅमेरा घ्यावा की जाहिरातीवर पैसे घालावेत, असे तुम्ही विचारता.

माझ्या मते या दोन्हींपैकी कशाचीही आत्ता गरज नाही. तुमचे व्हिडिओ कमी लोक पाहतात अशी तुमची अडचण नाहीच. व्हिडिओ पाहून झाल्यावर तो बंद करून तुमच्या वेबसाइटवर जाण्याचे काही कारण प्रेक्षकाला मिळत नाही, ही खरी अडचण आहे. हे कारण आधी तयार करावे लागते, आणि ते वेबसाइटवर तयार करावे लागते. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतरचा. कोकणातल्या लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट आणि व्हिडिओंचे काम मी अनेक वर्षे करतो आहे, त्यात आंबा बागायतदार आहेत, काजूवाले आहेत आणि घरगुती निवास चालवणारेही आहेत. जवळजवळ प्रत्येकाने सुरुवात तुमच्यासारखीच केली होती: आधी व्हिडिओ, मग त्याखाली वेबसाइटचा पत्ता, आणि मग वाट पाहणे. मीही सुरुवातीच्या काळात लोकांना हाच सल्ला देत असे, आणि तो अपुरा होता.

प्रथम तो लाखाचा शॉर्ट पाहू. मोहोरावर कोणती फवारणी कधी करावी, हे कोणाला जाणून घ्यायचे असते? दुसऱ्या बागायतदाराला. पुण्यात किंवा ठाण्यात बसून दोन डझनांची पेटी मागवणाऱ्या गृहिणीला तुडतुड्याच्या, म्हणजे मोहोरावरच्या किडीच्या, बंदोबस्तात रस नसतो. उलट फवारणी पाहून ती थोडी बिचकण्याचीच शक्यता अधिक. म्हणजे त्या लाखांत तुमचे गिऱ्हाईक फारच थोडे होते. यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे चॅनल सांभाळण्याच्या यूट्यूबच्या पानावर, त्या व्हिडिओचे प्रेक्षक कोणत्या वयाचे आणि कोणत्या देशांतले होते, आणि त्यांच्यापर्यंत तो कसा पोचला, हे पाहता येते. ते एकदा शांतपणे पाहा. व्हिडिओखालचे प्रतिसादही वाचा. ‘औषधाचे प्रमाण सांगा’ असे प्रतिसाद जास्त असतील तर तुमचा प्रेक्षक कोण आहे, हे तिथेच कळेल.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे, पण ती पुष्कळांना ठाऊक नसते. ३१ ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या वर्णनातले आणि शॉर्ट्सखालच्या प्रतिसादांतले दुवे दाबता न येणारे केले. फसवे दुवे पसरू नयेत हा त्यामागचा हेतू होता, पण परिणाम सर्वांवर झाला. तुम्ही शॉर्टखाली वेबसाइटचा पत्ता लिहिला असेल तर तो नुसता अक्षरांच्या रूपात दिसतो, त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. इन्स्टाग्रामवर रीलखालच्या मजकुराचे तसेच आहे, तिथे दुवा चालतो तो प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीत. शॉर्टमधून दुवा जोडायचाच असेल तर तो यूट्यूबवरच्याच दुसऱ्या व्हिडिओशी ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून जोडता येतो. त्यामुळे मी शॉर्ट्सकडून वेबसाइटवर माणसे आणण्याची अपेक्षा ठेवतच नाही. शॉर्टने प्रेक्षकाला मोठ्या व्हिडिओकडे न्यावे आणि मोठ्या व्हिडिओने वेबसाइटकडे, अशी दोन पायऱ्यांची वाट मी आखतो.

मोठ्या व्हिडिओच्या वर्णनातला दुवा दाबता येतो, मात्र त्यासाठी चॅनलची पडताळणी पूर्ण झालेली असावी लागते. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये वैशिष्ट्यांची पात्रता दाखवणारा भाग असतो, तिथे प्रगत वैशिष्ट्ये सुरू आहेत का ते तपासा. दुवा ‘एचटीटीपीएस’पासून पुढे पूर्ण लिहा, आणि तो वर्णनाच्या पहिल्या ओळीतच ठेवा, कारण मोबाइलवर वर्णन दुमडलेले असते आणि खालच्या ओळींपर्यंत फार थोडे लोक जातात. तोच दुवा स्वतःच्या प्रतिसादात लिहून तो वर टाचून ठेवा. व्हिडिओच्या शेवटच्या पडद्यावर बाहेरच्या वेबसाइटचा दुवा देण्याची सोय आहे, पण ती यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात, म्हणजे जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळणाऱ्या योजनेत, असलेल्या चॅनलनाच मिळते. तुम्ही अजून त्यात नसाल तर तेवढ्यासाठी थांबू नका. हल्ली पुष्कळ घरांत यूट्यूब टीव्हीवर पाहिले जाते आणि तिथे वर्णनातला दुवा दाबून वेबसाइटवर जाणे कुणाला सोयीचे नसते, म्हणून शेवटची १५-२० सेकंदे पडद्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड ठेवावा आणि वेबसाइटचे नाव तोंडानेही उच्चारावे. नावात आडवी रेघ किंवा आकडा असेल तर ऐकणारा हमखास चुकतो. तुमच्या वेबसाइटच्या नावात ती रेघ आहे, हे प्रश्नात दिलेल्या पत्त्यावरून दिसते. रेघ नसलेले नाव उपलब्ध असेल तर तेही विकत घ्या आणि आत्ताच्या वेबसाइटकडे वळवा. वर्षाला लागणारा खर्च कॅमेऱ्याच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे.

हे सगळे केले तरी मूळ प्रश्न उरतोच. प्रेक्षकाने दुवा का म्हणून दाबावा? यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारख्या मंचांचा सारा डोलारा माणूस तिथेच बसून राहण्यावर उभा आहे. एक व्हिडिओ संपतो न संपतो तोच पुढचा समोर येतो. त्यातून उठून कोणी तुमच्याकडे यायचे, तर व्हिडिओत देता येणार नाही असे काहीतरी तुमच्या पानावर असायला हवे. ‘अधिक माहितीसाठी आमच्या वेबसाइटला भेट द्या’ हे वाक्य मी माझ्या ग्राहकांच्या व्हिडिओंतून काढून टाकतो, कारण ते ऐकून कुणी येत नाही. माहिती तर व्हिडिओतच मिळाली, मग अधिक कसली?

आंब्याच्या धंद्यात व्हिडिओला न देता येणाऱ्या गोष्टी नेमक्या कोणत्या, याचा विचार करा. आजचा भाव व्हिडिओत सांगता येत नाही, कारण तो आठवड्याला बदलतो आणि व्हिडिओ वर्षानुवर्षे राहतो. माझ्या पिनकोडवर पेटी पोचेल का आणि किती दिवसांत, हे व्हिडिओ सांगू शकत नाही. या आठवड्यात कोणत्या आकाराचे फळ उतरले आहे, पेटीत किती फळे आणि प्रत्येकाचे वजन साधारण किती, हेही नाही. म्हणून मी बागायतदारांना सांगतो की वेबसाइटच्या मुखपृष्ठाआधी एक साधे पान करा: ‘या आठवड्यात काय मिळेल’. त्यावर तारीख, उपलब्ध आकार, भाव, पाठवणीचे वार आणि पिनकोड टाकायचा रकाना. हंगामात ते पान दर दोन-तीन दिवसांनी बदलायलाच हवे, नाहीतर त्याचा उपयोग नाही. मग व्हिडिओत तुम्ही म्हणू शकता, ‘तुमच्या गावी पेटी कधी निघेल हे खालच्या दुव्यावर पिनकोड घालून पाहा.’ असे वाक्य ऐकून माणूस उठतो, कारण त्याला स्वतःचे उत्तर हवे असते. सर्व व्हिडिओंचा दुवा मुखपृष्ठाकडे देणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. मुखपृष्ठावर आलेल्या माणसाला पुन्हा शोधावे लागते, आणि तो शोधत नाही.

आता व्हिडिओंचे विषय. हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे जे भांडवल आहे ते इथे आहे. मागच्या हंगामात ग्राहकांनी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न विचारले ते एका वहीत उतरवून काढा. माझा अनुभव असा की फिरून फिरून तेच दहा-बारा प्रश्न येतात, आणि त्यांतला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक व्हिडिओ असतो.

उदाहरणार्थ, पेटी आली, फळे हिरवी आणि कडक आहेत, आता काय करायचे? बागेत जन्म गेलेल्या माणसाला हा प्रश्न बालिश वाटेल, पण शहरातल्या ग्राहकाची सर्वांत मोठी धास्ती हीच असते. घरच्या घरी गवतात किंवा कागदात अढी कशी लावावी, रोज फळ कसे चाळावे, पिकलेले फळ कसे ओळखावे, फ्रीजमध्ये कधी ठेवावे, हे चार-पाच मिनिटांत तुमच्या आईने किंवा पत्नीने हाताने करून दाखवले तर त्याची बरोबरी कोणताही महागडा कॅमेरा करणार नाही. दुसरा प्रश्न साक्याचा, म्हणजे गरातल्या पांढरट, बेचव, खराब भागाचा. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कापल्यावर साका निघतो आणि ग्राहकाला फसवले गेल्यासारखे वाटते. बहुतेक विक्रेते हा विषय टाळतात. तुम्ही तो टाळू नका. साका म्हणजे काय, तो बाहेरून का कळत नाही, आणि तुमच्या पेटीत निघाला तर तुम्ही काय करता, हे स्पष्ट सांगा आणि भरपाईच्या नियमांचे व तक्रार नोंदवण्याचे पान त्या व्हिडिओखाली द्या. एका बागायतदाराकडून मी हा व्हिडिओ करवून घेतला तेव्हा त्यांना भीती होती की आपण होऊन दोष सांगितल्याने गिऱ्हाईक दूर जाईल. प्रत्यक्षात नव्याने ऑर्डर देणाऱ्या अनेकांनी तोच व्हिडिओ पाहून विश्वास बसल्याचे त्यांना फोनवर सांगितले.

तिसरा प्रश्न कृत्रिमरीत्या पिकवण्याचा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, आणि इथिलीन वायूचा वापर ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग), चालतो. हा फरक ग्राहकाला समजावून सांगा आणि तुम्ही स्वतः कसे पिकवता ते दाखवा. चौथा प्रश्न ‘हा खरा हापूस आहे कशावरून?’ कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतल्या फळाला लागू आहे. तुम्ही त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद केली असेल तर प्रमाणपत्र व्हिडिओत दाखवा आणि त्याची प्रत वेबसाइटवर ठेवा. नोंद केली नसेल तर ती आधी करा, आणि तोवर मानांकनाचे चिन्ह वापरू नका.

अशा व्हिडिओंची नावे ठेवताना लोक शोधतात ते शब्द वापरावेत. ‘आमच्या बागेतील सुवर्णक्षण’ असे नाव कुणी शोधत नाही. ‘हापूस आंबा घरी कसा पिकवावा’ हे शोधतात. यूट्यूबच्या शोधपट्टीत पहिले दोन-तीन शब्द लिहून पाहा, खाली येणाऱ्या सूचनांवरून लोकांची भाषा कळते. बरेच मराठी लोक रोमन लिपीत मराठी लिहून शोधतात, म्हणून नाव देवनागरीत ठेवून वर्णनात तेच वाक्य रोमन लिपीतही एकदा लिहावे. व्हिडिओ मोठा असेल तर वर्णनात वेळेच्या खुणा घाला. पहिली खूण शून्य मिनिटाची, एकूण किमान तीन खुणा आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा असला की यूट्यूब त्यांची प्रकरणे करते आणि घाईतल्या माणसाला हवे ते लगेच सापडते.

वेळेबाबत एक सूचना. तुमचे फळ मार्चपासून मेपर्यंत उतरते आणि तुम्ही व्हिडिओही त्याच धावपळीत टाकता. शोधातून येणाऱ्या व्हिडिओला रुळायला काही आठवडे लागतात, त्यामुळे अढीचा व्हिडिओ एप्रिलच्या शेवटी टाकून त्या वर्षी फारसे हाती लागत नाही. या हंगामात चित्रण करून ठेवा, पावसाळ्यात संकलन करा आणि पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत प्रसिद्ध करा. एकदा रुळलेला व्हिडिओ पुढच्या अनेक हंगामांत कामाला येतो.

इथे मला आलेला एक कटू अनुभव सांगतो. आमच्या एका ग्राहकाची वेबसाइट दुसऱ्या एका व्यावसायिकाने नव्याने बांधली आणि सर्व पानांचे पत्ते बदलले, पण जुने पत्ते नव्याकडे वळवले नाहीत. त्यांच्या सगळ्या व्हिडिओंखालचे दुवे ऐन हंगामात ‘पान सापडत नाही’ अशा संदेशाकडे जात होते, आणि ते लक्षात यायला तीन आठवडे गेले. वेबसाइट बदलताना जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवण्याची सोय असते, ती केल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नका, आणि दर हंगामाच्या आधी मुख्य व्हिडिओंचे दुवे स्वतः मोबाइलवर उघडून पाहा.

आता उलट दिशा. माझे प्रामाणिक मत असे आहे की लहान विक्रेत्याच्या बाबतीत, नव्या माणसाला वेबसाइटवर आणण्यापेक्षा आधीच आलेल्या माणसाची खात्री पटवण्यात व्हिडिओ अधिक उपयोगी पडतो. जो ओळखीतून, गूगलवर शोधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून तुमच्या पानावर आला आहे, तो पैसे भरण्याआधी कचरतो. त्याला बाग, माणसे आणि पेटी भरण्याची रीत दिसली की कचरणे कमी होते. म्हणून पेटीच्या पानावर मिनिटभराचा एक व्हिडिओ ठेवा: फळ उतरवणे, निवडणे, पेटीत रचणे आणि तुमचा चेहरा. मात्र यूट्यूबचा व्हिडिओ पानात थेट बसवला की त्याच्याबरोबर पुष्कळ जड मालमसाला येतो आणि पान उघडायला उशीर होतो. त्याऐवजी आधी फक्त चित्र दिसेल आणि त्यावर बोट ठेवल्यावरच व्हिडिओ येईल, असे तुमच्या वेबसाइटवाल्याला सांगा. त्याला हे काम फार मोठे नाही. एक गैरसमजही दूर करतो. पानात व्हिडिओ बसवला म्हणून गूगलच्या निकालात त्या पानासमोर व्हिडिओचे चित्र दिसेलच असे नाही. एप्रिल २०२३पासून गूगल ते केवळ व्हिडिओ हाच मुख्य मजकूर असलेल्या पानांना दाखवते. विक्रीच्या पानावर व्हिडिओ ठेवायचा तो ग्राहकासाठी, गूगलसाठी नव्हे.

मोजमापाविषयी. प्रत्येक व्हिडिओखालच्या दुव्याच्या शेवटी यूटीएमची खूण, म्हणजे माणूस कुठून आला हे सांगणारे काही शब्द, जोडा; मग वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजदाद ठेवणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये कोणत्या व्हिडिओतून किती जण आले ते वेगवेगळे दिसते. खूण नसेल तर अ‍ॅपमधून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेल्या दुव्यांवरून आलेले बरेचसे लोक ‘डायरेक्ट’ या खात्यात जमा होतात आणि व्हिडिओने काही केलेच नाही असे वाटते. खुणेतले रोमन शब्द नेहमी लहान लिपीत लिहा, कारण मोठ्या आणि लहान लिपीतला एकच शब्द तिथे दोन निराळे म्हणून मोजला जातो. क्यूआर कोडला वेगळी खूण द्या. याशिवाय तुमची बरीच गिऱ्हाइके व्हिडिओ पाहून सरळ फोन करत असणार, आणि ती कोणत्याही यंत्राला दिसत नाहीत. ऑर्डर घेताना ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ एवढे विचारून वहीत लिहिणे हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. कदाचित तुमच्या व्हिडिओंनी तुम्हाला वाटते त्याहून अधिक ऑर्डर आणलेल्या असतील.

परदेशातल्या प्रेक्षकांबद्दलही पाहा. आंब्याचे मराठी व्हिडिओ अमेरिकेतले मराठी लोक मोठ्या आवडीने पाहतात आणि प्रेमाने प्रतिसादही लिहितात. पण अमेरिकेत भारतीय आंबा २००७ पासून जातो तो विकिरण प्रक्रिया (किडीच्या बंदोबस्तासाठी फळावर किरण सोडणे) होऊनच, त्यामुळे तुमची पेटी कुरिअरने त्यांच्या घरी जाणार नाही. त्यांच्यासाठी वेगळे पान असू शकते: ‘भारतातल्या आईवडिलांना पेटी पाठवा’, ज्यात पैसे भरणाऱ्याचा पत्ता आणि पेटी घेणाऱ्याचा पत्ता वेगळा देता येईल. एका बागायतदाराकडे हे पान केल्यावर परदेशातून ऑर्डर येऊ लागल्या. तुमच्याकडे येतील की नाही, हे तुमच्या प्रेक्षकांत तिकडचे किती आहेत यावर आणि परदेशी कार्डावरून पैसे घेण्याची सोय तुमच्याकडे आहे का यावर अवलंबून आहे.

राहिला जाहिरातीचा आणि कॅमेऱ्याचा प्रश्न. जाहिरात वाईट नाही. गूगल अ‍ॅड्समध्ये ठरावीक शहरे निवडून व्हिडिओ दाखवता येतो, आणि तुमची गाडी आठवड्यातून दोनदा मुंबई-पुण्याला जात असेल तर त्या भागापुरती जाहिरात समजण्यासारखी आहे. पण ‘या आठवड्यात काय मिळेल’ हे पान तयार नसताना केलेल्या जाहिरातीचे पैसे वाया जातात, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. आधी ते पान, मग अढीचा आणि साक्याचा असे दोन व्हिडिओ, त्यांखाली खूण केलेले दुवे, आणि एक पूर्ण हंगाम त्यांची नोंद. दुवा दाबून आलेल्यांपैकी काही जण पिनकोड घालून पुढे जाताना दिसले, तरच त्या दोनांपैकी चांगल्या चाललेल्या व्हिडिओवर थोडी रक्कम लावा. लोक पानापर्यंत येऊन परत फिरत असतील, तर दोष भावात, पाठवणीच्या खर्चात किंवा पैसे भरण्याच्या पायऱ्यांत आहे, आणि तो जाहिरातीने सुटणार नाही.

कॅमेऱ्याऐवजी कॉलरला लावायचा एक साधा माइक घ्या. मी तुमचे चार व्हिडिओ पाहिले. चित्र पुरेसे स्वच्छ आहे, पण बागेतल्या वाऱ्यात तुमचे निम्मे बोलणे ऐकू येत नाही, आणि वेबसाइटचे नाव तुम्ही नेमके त्या वाऱ्यातच सांगता आहात.